सोमवारची सही, साहेबांचा डोंगल आणि रोज अडणारे प्रिंटर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी एका तहसील कार्यालयात एजन्सीमार्फत तांत्रिक सहायक म्हणून लागलो आहे. ३८ कॉम्प्युटर, १४ प्रिंटर आणि मी एकटा. दाखल्यांच्या काउंटरवरचं एक मशीन दर सोमवारी सकाळी डीएससीची (डिजिटल सही प्रमाणपत्राची) सही घेत नाही. ड्रायव्हर दोनदा नव्यानं टाकला, ब्राउझर बदलला, उपयोग शून्य. दुपारपर्यंत कुणीतरी खटपट करतं आणि मशीन चालायला लागतं. तोवर रांगेतली माणसं माझ्यावर ओरडतात. प्रिंटर रोज कुठला ना कुठला बंद. जरा काही झालं की सगळे 'सर्व्हर डाऊन' म्हणून मोकळे. नायब तहसीलदार साहेबांचा डोंगल (डिजिटल सहीचा यूएसबी) माझ्याच ड्रॉवरमध्ये असतो, पिनही मला पाठ आहे, दाखले मीच साइन करतो. आता विंडोज १० बंद झालं म्हणतात आणि आमची निम्मी मशीनं जुनी आहेत. सुरुवात कुठून करू?"

उत्तर:

डोंगलचा विषय तुम्ही जाता जाता लिहिलाय. आम्ही तोच पहिला घेतो. बाकीचं काही बिघडलं तर काम अडेल, यात मात्र तुम्ही स्वतः अडकाल.

डोंगलमधली सही म्हणजे साहेबांची शाईची सहीच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे खासगी की (सही करणारी गुप्त डिजिटल किल्ली) आपल्या ताब्यात ठेवायची जबाबदारी, ज्याच्या नावावर प्रमाणपत्र आहे त्याची. म्हणजे डोंगल तुमच्याकडे सोपवणं ही चूक साहेबांची. पण उद्या उत्पन्नाचा एखादा दाखला खोटा निघाला, तर चौकशीत पहिला प्रश्न येतो: सही कुठल्या मशीनवरून, किती वाजता झाली, आणि त्या वेळी साहेब कुठे होते? साहेब मंडळ भागात दौऱ्यावर आणि सही कार्यालयातून झालेली, असं दिसलं की पुढचं नाव तुमचं. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीनं वापरल्याबद्दल याच कायद्याच्या कलम ६६-सी मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तुमच्या मनात लबाडी नव्हती हे खरं असलं, तरी ते पटवून देत फिरायची वेळ तुमच्यावर येईल. एजन्सी अशा वेळी पाठीशी उभी राहील या भरवशावर राहू नका.

साहेबांना तोंडावर "मी सही करणार नाही" म्हणायची गरज नाही. त्यांची खरी अडचण वेळेची आहे, ती सोडवा. दिवसातल्या दोन वेळा ठरवून घ्या, समजा दुपारी १२ आणि ४.३०. त्या वेळी साहेबांच्या टेबलावरच्या मशीनवर तपासून झालेल्या अर्जांची यादी उघडून ठेवा आणि सांगा, "सर, यादी लावून ठेवली आहे, डोंगल लावून पिन तेवढा टाका." ज्या प्रणालीत एकगठ्ठा सहीची सोय आहे, तिथे एकदा पिन टाकून बरेच दाखले एका दमात निघतात. जिथे नाही, तिथे दर दाखल्याला पिन पडतो. तिथे अव्वल कारकुनाला यादी आधीच गाळून ठेवायला सांगा, म्हणजे परत पाठवायचे अर्ज साहेबांच्या पुढ्यात जाणारच नाहीत. डोंगल परत करताना एका ओळीचं टिपण लिहा: अमुक क्रमांकाचं टोकन (म्हणजे डोंगल) अमुक तारखेला परत दिलं, पिन बदलला. त्यावर पोच घ्या. पिन साहेबांनी स्वतः बदलायचा. तुम्ही मेनू दाखवा आणि खोलीबाहेर या.

डोंगलच्या बाबतीत आणखी काही गोष्टी हाताशी असू द्या. टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' नावाचं बटण असतं. पिन विसरला म्हणून ते दाबलं की आतली की कायमची पुसली जाते आणि प्रमाणपत्र नव्यानं काढावं लागतं. ठरावीक वेळा चुकीचा पिन टाकला की टोकन लॉक होतं, म्हणून "हा पिन बघू, तो बघू" हा खेळ खेळू नका. मुदत संपलेलं प्रमाणपत्र 'वाढवून' मिळत नसतं. नवं येतं आणि ते प्रत्येक प्रणालीत पुन्हा जोडावं लागतं. प्रत्येक टोकनची मुदत एका तक्त्यात लिहा आणि महिनाभर आधी साहेबांना आठवण द्या. ऐन दहावी-बारावीच्या निकालानंतर, दाखल्यांची झुंबड असताना टोकनची मुदत संपणं ही टाळता येण्यासारखी फजिती आहे. बदली झाली की जुन्या साहेबांचं नाव प्रणालीतून त्याच दिवशी काढायला लावा.

आता सोमवार.

लक्षणं नीट बघा: एकच मशीन, एकच वार, सकाळीच, आणि दुपारी बरं. ड्रायव्हर बिघडला असता तर मंगळवारीही बिघडलेलाच असता. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाची कार्यालयं पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत. रोज संध्याकाळी ऑपरेटर मशीन शट डाऊन करतो, पण भिंतीवरचं बटण चालूच राहतं. मशीन बंद दिसत असलं तरी पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडा करंट देत असतो आणि आतलं घड्याळ त्यावर चालतं. शुक्रवारी शिपाई जाताना मेन स्विचच खाली करतो. मग ते घड्याळ केवळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर, सीआर २०३२ वर, उरतं. तो सेल मेलेला असेल तर सोमवारी मशीन उठतं ते कित्येक वर्षं मागच्या तारखेला. त्या तारखेला तुमच्या डीएससीचा जन्मच झालेला नसतो. वेबसाइटचं प्रमाणपत्रही ब्राउझरला 'अजून सुरू न झालेलं' वाटतं. सही होणार कशी?

विंडोज वेळ आपोआप का दुरुस्त करत नाही, हा प्रश्न तुम्हाला पडेल. डोमेनमध्ये (मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यात) नसलेल्या मशीनवर विंडोजची वेळ-सेवा १५ तासांपेक्षा मोठा फरक स्वतःहून भरून काढत नाही. घड्याळ पाच मिनिटं मागे असेल तर सरळ करते. पाच वर्षं मागे असेल तर काहीतरी गडबड आहे समजून हात लावत नाही. दुपारी कुणाची तरी नजर कोपऱ्यातल्या तारखेवर जाते, तो हातानं बदलतो आणि मशीन चालायला लागतं. ड्रायव्हरचा त्यात काही संबंध नव्हता.

येत्या सोमवारी काउंटर उघडायच्या आधी पोचा, मशीन सुरू करा आणि फक्त तारीख बघा. चुकीची निघाली तर निदान पक्कं. सेल बदलायला पाच मिनिटं लागतात, पण एक सांभाळा. सेल काढण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल काढला की बायोस मूळ सेटिंगवर जातं. जुन्या मदरबोर्डवर त्यात हार्डडिस्कचा मोड एएचसीआयवरून आयडीई किंवा रेडवर उडी मारतो आणि विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. मग लोक डिस्क गेली समजून फॉरमॅट मारतात. फोटो बघून मोड परत लावला की मशीन उठतं. बाकी कृती साधी: पॉवरची वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, केसच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा, खाचेतली पत्ती बाजूला केली की सेल उसळतो. अधिकची खूण असलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. काढलेला सेल मल्टिमीटरवर मोजा; नवा तीन व्होल्ट किंवा त्याहून किंचित जास्त दाखवतो, २.७ च्या खाली आलेला टाकून द्या. एका मशीनचा सेल गेलाय म्हणजे त्याच खरेदीतल्या बाकीच्यांचे गेल्यात जमा आहेत. दहा सेल एकदम मागवा.

वेळेचा स्रोतही बदलून घ्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जुळवायची आहेत. इंटरनेट टाइमच्या सेटिंगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरऐवजी 'समय१ डॉट एनआयसी डॉट इन' टाका. पत्ता अर्थातच रोमन अक्षरांत लिहायचा.

दाखला झाल्यावरची एक तक्रारही याच घरची. नागरिक मोबाइलवर किंवा अॅडोबी रीडरमध्ये दाखला उघडतो आणि सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येतं. तो "दाखला खोटा आहे" म्हणत परत येतो. दाखला खोटा नसतो. त्या मशीनला भारताच्या सीसीएचं (डिजिटल सही प्रमाणपत्रांच्या सरकारी नियंत्रकाचं) मूळ प्रमाणपत्र ओळखीचं नसतं एवढंच. कॉम्प्युटरवर सहीवर राइट क्लिक करून सहीचे गुणधर्म, मग सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र उघडा. साखळीत सगळ्यात वरचं सीसीए इंडिया निवडा, ट्रस्ट टॅबमधून विश्वासाच्या यादीत टाका आणि सही पुन्हा तपासा. हिरवी खूण येते. हे चार टप्पे मराठीत छापून काउंटरवर चिकटवा, निम्मे लोक परत येणारच नाहीत.

प्रिंटर. तुम्ही मॉडेल लिहिलेली नाहीत, पण चौदातले बरेचसे एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० असणार, असं आम्ही धरून चालतो. राज्यभरातल्या शासकीय टेबलांवर याच दोघांचं राज्य आहे. दोन्ही मजबूत, आणि दोन्हींचं बरंचसं डोकं कॉम्प्युटरमधल्या ड्रायव्हरमध्ये असतं. १०२० तर दर वेळी सुरू झाल्यावर आपलं फर्मवेअर कॉम्प्युटरकडून मागून घेतो. म्हणून केबल ढिली असली किंवा मधे यूएसबीचा स्विच असला, की दिवे लागतात पण प्रिंट येत नाही. आधी केबल थेट लावा, मग प्रिंटर बंद-चालू करा.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार 'प्रिंटर ऑफलाइन'. टेबल हलवलं, केबल दुसऱ्या पोर्टात गेली, की विंडोज नावापुढे 'कॉपी १' लावून दुसरा प्रिंटर तयार करतं. जुना डीफॉल्ट राहतो आणि ऑफलाइन दिसतो. तो काढा, नव्याला डीफॉल्ट करा, आणि 'डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' ही खूण काढून टाका. ती राहिली तर शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो आणि पुरवठा शाखेचं पत्र निवडणूक शाखेत छापलं जातं. रांगेत अडकलेला जॉब हटत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम ३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरातल्या फाइली पुसा आणि स्पूलर परत सुरू करा. फोल्डर पुसू नका, आतलं पुसा.

कागदाचं दुखणं वेगळं. एका वेळी तीन-चार कागद ओढले जात असतील तर सेपरेशन पॅड झिजलाय. कागद ओढलाच जात नसेल तर पिकअप रोलर गुळगुळीत झालाय. किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसून बघा, नाहीतर बदला, महाग नाही. छापलेलं अक्षर बोटानं पुसलं जात असेल तर फ्यूजर (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग) तापत नाही किंवा त्याची फिल्म फाटली आहे. फिल्म का फाटते, ते बघा: पाठकोरे कागद. कागद वाचवायचा म्हणून जुन्या प्रस्तावांच्या मागे छापतात आणि त्यातल्या एकाला स्टेपलरची पिन राहिलेली असते. पिन फ्यूजरमधून जाताना फिल्मवर उभा चरा पाडते. तिथून पुढे प्रत्येक पानावर त्याच जागी काळा पट्टा येतो. कार्ट्रिज बदलून हा पट्टा जात नाही, आणि तीन कार्ट्रिज बदलून झाल्यावर हे लक्षात येतं. पाठकोरे वापरायचेच असतील तर एकच प्रिंटर त्यासाठी ठरवा आणि ट्रेमध्ये ठेवण्याआधी गठ्ठ्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवायची सवय लावा.

डाग साधारण साडेसात सेंटिमीटरवर परत परत येत असेल तर कार्ट्रिजच्या ड्रमला ओरखडा आहे. या दोन मॉडेलांच्या ड्रमचा घेर तेवढाच भरतो. एचपीचं १२ए आणि कॅननचं ३०३, दोन्ही मुळात पानाचा पाच टक्के भाग शाईनं भरतो या हिशेबानं सुमारे २००० पानांची. मराठी दाखल्यावर चौकट, मुद्रा आणि क्यूआर कोड असतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी धरा. रीफिल करून घेताय तर टाकाऊ टोनरचा कप्पा रिकामा करतात का ते बघा. नुसती भरणी केली की तो भरून वाहतो आणि पानाच्या कडेला राखेसारखी रेघ येते. पावसाळ्यात कागदाचं रीम फोडलं की उरलेलं त्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवा. दमट कागद वळतो, अडकतो, आणि दोष प्रिंटरला लागतो.

आणि लेझर प्रिंटर यूपीएसला लावलेला दिसला तर लगेच काढा. फ्यूजर तापताना एकदम भार ओढतो, ६०० व्हीएचा यूपीएस दम टाकतो आणि कॉम्प्युटर बंद पडतो. 'प्रिंट दिली की मशीन रीस्टार्ट होतं' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाते, त्याचीही तारीख मांडून ठेवा. हातात मल्टिमीटर आहेच तर सॉकेटचं न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातलं व्होल्टेज मोजा. दोन-तीनच्या आत हवं. दहा-वीस दाखवत असेल तर केसला हात लावल्यावर मुंग्या येतील आणि पोर्ट जळत राहतील. ते काम तुमचं नाही, सार्वजनिक बांधकामच्या विद्युत शाखेला पत्र जाऊ द्या.

नेटवर्कमधला प्रिंटर दुसऱ्याच्या मशीनवरून शेअर केलेला असेल आणि शेवटी ११बी असलेला एरर येत असेल, तर इंटरनेटवर एक रजिस्ट्री बदलण्याचा उपाय सापडेल. तो करू नका. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनं प्रिंट-सेवेतलं एक भोक बुजवलं, हा उपाय ते परत उघडतो. प्रिंटरला लॅन पोर्ट असेल तर त्याला स्वतःचा आयपी देऊन प्रत्येक मशीनवर थेट जोडा. नसेल तर दोन्ही मशीनं एकाच अपडेटवर आणा.

'सर्व्हर डाऊन' म्हणण्याआधी दोन मिनिटं खर्च करा. केबलचा दिवा लागतोय का? आयपीकॉन्फिग ही कमांड काय दाखवते? १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी म्हणजे मशीनला पत्ता मिळालेलाच नाही. केबल, स्विच किंवा डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) बघा. पत्ता मिळालाय पण तुमच्या कार्यालयाच्या मालिकेतला नाही, १९२.१६८ वगैरे काहीतरी आहे, तर कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून लॅन पोर्टात खोचलाय आणि तोच सगळ्यांना पत्ते वाटत सुटलाय. शाखेशाखेत फिरून तो शोधा. बहुधा मोबाइल चार्ज होत असलेल्या टेबलामागे सापडतो. पत्ता बरोबर असेल तर आधी गेटवेला (कार्यालयाला बाहेर जोडणाऱ्या राउटरला) पिंग, मग बाहेरच्या एखाद्या शासकीय साइटला. गेटवेपर्यंत जातंय, पुढे नाही, तर लाइनची तक्रार. बाकी साइट उघडतात आणि एकच प्रणाली उघडत नाही, तर खरंच सर्व्हर. तेव्हा वेळ आणि स्क्रीनशॉट घेऊन जिल्ह्याच्या समन्वयकाकडे पाठवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ताडून बघताना लक्षात ठेवा, काही प्रणाली फक्त शासनाच्या जाळ्यातूनच उघडतात. सगळ्या कार्यालयाचं नेट एकदम गेलं आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर झाडलोट करताना खाली पडलेलं केबलचं मोकळं टोक कुणीतरी त्याच स्विचमध्ये परत खोचलंय. ते काढलं की दहा सेकंदांत सगळं शांत.

पेन ड्राइव्हमधल्या फाइलींचे शॉर्टकट झाले की लोक घाबरून फॉरमॅट करतात. फाइली पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. अँटिव्हायरसनं तपासा, अॅट्रिब कमांडनं लपवल्याची खूण काढा, शॉर्टकट पुसा आणि ज्या मशीनवरून ते आलं ते शोधा, नाहीतर उद्या तोच पेन ड्राइव्ह परत येईल. रॅन्समवेअर वेगळं. फाइलींची नावं बदललेली दिसली आणि खंडणीचा मजकूर आला, तर सर्वात आधी त्या मशीनची लॅन केबल उपटा. मशीन बंद करू नका, फॉरमॅट तर नाहीच नाही. स्क्रीनचा फोटो काढा, कार्यालय प्रमुखांना सांगा. लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणं त्याच २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. निःशुल्क क्रमांक १८००-११-४९४९. कळवायचं कार्यालय प्रमुखांच्या नावे, मसुदा तुम्ही तयार ठेवायचा. बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क कायम मशीनला जोडून ठेवलेली असेल तर तीही त्याच फेऱ्यात जाते. शुक्रवारी जोडा, घ्या, काढा, कपाटात. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडूनही बघा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. मशीनं बंद पडणार नाहीत, पण सुरक्षा-अपडेट आपोआप येणार नाहीत. ३८ मशीनांची यादी करा: प्रोसेसर कुठल्या पिढीचा, रॅम किती, डिस्क कुठली, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे का. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची असेल तर विंडोज ११ चढतं, त्यात बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू करावं लागेल. त्याआधीच्या मशीनवर पळवाटा काढून ते चढवू नका. पुढचं अपडेट अडलं की जबाबदारी तुमच्यावर येते. अशांसाठी संस्थांना जादा सुरक्षा-अपडेट विकत मिळतात, वर्षागणिक, ऑक्टोबर २०२८ पर्यंत. नुसत्या टायपिंगच्या टेबलांवर विंडोजऐवजी सी-डॅकची बॉस लिनक्स चालू शकते, पण त्या टेबलावर डोंगल लागत असेल तर आधी एका मशीनवर ड्रायव्हर चालतो का ते बघा. नव्या मशीनांचा प्रस्ताव करताना "जुने झाले" एवढंच लिहू नका. मशीनचा डेडस्टॉक (सामानाच्या नोंदवहीतला) क्रमांक, प्रोसेसरची पिढी आणि त्या टेबलावर कुठल्या योजनेचं काम चालतं हे एका ओळीत लिहा. मंजुरी देणाऱ्याला ते कळतं.

मशीन मंद आहे एवढीच तक्रार असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर दिसते का बघा. दिसत असेल तर हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा. रॅम वाढवण्याआधी हे करा. विंडोज नव्यानं टाकल्यावर 'मंगल गेला, पत्र वेगळं दिसतं' अशी ओरड होईल. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट ऐच्छिक घटकांत देवनागरीचा पूरक संच म्हणून असतात, तिथून घ्या. सुरेख किंवा श्री-लिपीतली जुनी पत्रं ज्या टेबलावर अजून उघडतात, तिथले फॉन्ट मशीन पुसण्याआधी बाजूला काढून ठेवा.

आता तुमच्या स्वतःच्या बचावाचं. एक वही घाला, एक्सेल नंतर. तारीख-वेळ, शाखा, मशीनचा क्रमांक, तक्रार सांगणाऱ्याच्याच शब्दांत, काय सापडलं, काय केलं, किती वाजता चालू झालं, आणि त्या शाखेच्या माणसाची सही. महिनाभरात दिसेल की निम्म्या तक्रारी पाच-सहा मशीनांच्याच आहेत. प्रस्ताव त्यांचाच करायचा. "भाऊ, माझ्या पोराचा लॅपटॉप बघ ना" याला "साडेसहानंतर बघतो" हे उत्तर पुरतं. वहीत त्याला जागा नाही. पासवर्ड कुणाचाही लिहून घेऊ नका. अॅडमिनचे जे पासवर्ड तुमच्याकडे आहेत ते बंद लिफाफ्यात, सहीनिशी, कार्यालय प्रमुखांच्या कपाटात ठेवा. करार संपला की लिफाफा आणि वही चार्ज यादीत लिहून द्या आणि पोच घेऊनच निघा.

जुन्या मशीनांचं निर्लेखन (नोंदीतून काढून टाकणं) निघालं तर लिलावाच्या ढिगात ती तशीच जाऊ देऊ नका. काउंटरच्या मशीनवर डाउनलोड्स फोल्डरात लोकांची आधार कार्डं, रेशन कार्डं, बँक पासबुकं वर्षानुवर्षं पडलेली असतात. आधी डिस्क काढा, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तिची वेगळी नोंद करा. नुसती फॉरमॅट केलेली डिस्क साध्या सॉफ्टवेअरनं परत वाचता येते, म्हणून पूर्ण पुसणी करा किंवा समितीसमोर छिद्रं पाडून पंचनाम्यात लिहा. उरलेलं भंगारवाल्याला नाही, १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याला द्यायचं आणि त्याची पावती निर्लेखनाच्या फाइलला लावायची.